गाण्याखालचं बोलणं

बोलणारी माणसं घ्यायची नाहीत, हा आमच्या मंडळीतला पहिला नियम होता. मंडळी म्हणजे वर्ध्याच्या सायबर कॅफेतल्या पडद्यापलीकडचे, मी कधीच न पाहिलेले लोक. कोणी इंदूरचं, कोणी लाहोरचं, कोणी दुबईत नोकरीला. सगळे एकाच उद्योगाला लागलेले. टीव्हीवरच्या आवडत्या मालिकेतले तुकडे कापायचे, ते एखाद्या गाण्यावर बसवायचे आणि तो व्हिडिओ इंटरनेटवर टाकून कोणी काही म्हणतंय का याची वाट बघायची. पात्राचे ओठ हलत असले की गाण्याचा सगळा भाव जातो, असं एकजात सगळ्यांचं मत. गाणं विरहाचं चाललंय आणि नायिकेच्या तोंडाची नुसती उघडझाप सुरू आहे, हे काही बरं दिसत नाही. म्हणून पाठमोरी नायिका घ्या, डोळे घ्या, उडणारी ओढणी घ्या, जिना उतरणारी पावलं घ्या. बोलताना मात्र घेऊ नका.

मी नियम पाळणारी मुलगी होते. म्हणजे, मोडून काही फायदा दिसला नाही की पाळत होते.

दोन हजार साल मागे पडून काही वर्षं झाली होती. सेलूच्या बाजाररस्त्यावर काकांचा फोटो स्टुडिओ होता. आमचं घर किराणा आणि धान्याचं. त्यात काकांनीच एकट्याने कॅमेरा धरला आणि घरच्यांची बोलणी खाल्ली. पुढे काउंटर, काचेखाली पासपोर्ट फोटोंचे नमुने, आणि मागे एक अंधारी खोली. त्या खोलीत लग्नाच्या कॅसेटचं मिक्सिंग चालायचं. शूटिंग काका करत, पण माउस हातात घेतला की त्यांना घाम फुटायचा, म्हणून मिक्सिंग माझ्याकडे आलं. सकाळी बसने वर्ध्याला कॉलेज, दुपारी परत, आणि मग संध्याकाळपर्यंत मी आणि ती खोली.

त्या दुपारी आठवल्या की अजून डोळे जड होतात. बाहेर बाजार झोपलेला असायचा. कूलरमधून वाळ्याचा ओला वास यायचा. पडद्यावर कोणा अनोळखी घरची नवरी गुलाबाच्या पाकळीतून उमलायची, नवरदेव तिच्याशेजारी ढगातून उतरायचा, दोघं हळूहळू विरघळत एका तळ्यात जायचे आणि तळ्यावरून दोन हंस निघायचे. हे सगळं मीच करत होते, तरी मला ते आपोआप घडतंय असं वाटायचं. लग्नाचं काम आटोपलं की मी आपली मालिका उघडायची. कॉम्प्युटरला टीव्हीची तार जोडून भाग उतरवून घेतलेले असत. मग माझी नायिका, माझा नायक, माझी ओढणी आणि माझी पावलं. भारनियमनाच्या वेळा सांभाळून व्हिडिओ तयार करावा लागे. वीज गेली की स्वप्न तिथेच तुटायचं आणि वीज आल्यावर पहिल्यापासून सुरू करावं लागायचं.

या खोलीत माझ्याशिवाय एकच माणूस येऊन बसायचं, ते म्हणजे ताई. काकांची मुलगी, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. लहानपणी मोठा ताप आला, तो उतरला आणि जाताना ताईचं ऐकणं घेऊन गेला. बोलणं राहिलं. पण आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसला की त्याला चढउतार राहत नाही. शाळेत सगळी मुलं मिळून प्रतिज्ञा म्हणतात तशी ती एकाच पट्टीत बोलायची, आणि बरंच मोठ्याने. घरात आम्हाला त्याची सवय होती. बाहेरचा माणूस मात्र दचकायचा.

समोरच्याचं ती तोंड पाहून समजून घ्यायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. अर्धं ओठांवरून, अर्धं अंदाजाने. अंदाज चुकायचाही, पण फारसा नाही. लग्नाच्या कॅसेटमध्ये आम्ही बोलण्याचा आवाज काढून वरून गाणी टाकायचो, म्हणजे त्या सिनेमात कोण काय बोललं हे जगात कोणालाच कळण्याची सोय नव्हती. ताईला सगळं कळायचं. इकडे शहनाई वाजतेय, अक्षता पडताहेत, आणि ताई नवरीच्या मावशीकडे बोट दाखवून म्हणायची, "हे म्हणून राह्यली, शालू मागच्या लग्नातलाच आहे." आम्ही हसून लोटपोट. त्या मावशीने पुढे तीच कॅसेट किती पाहुण्यांना कौतुकाने दाखवली असेल, देव जाणे.

माझा पहिला चांगला जमलेला व्हिडिओ मी ताईला दाखवला, तेव्हा ती नेहमीसारखी स्पीकरच्या डब्यावर तळहात ठेवून बसली. गाणं तिला तसं कळायचं, ढोलक कुठे पडतो, कुठे थांबतो. व्हिडिओ संपला. मी कौतुकाची वाट पाहत होते.

"सगळे मुके काऊन केले तू?" ती म्हणाली.

मी तिला नियम समजावला. बोलताना घ्यायचं नसतं, वाईट दिसतं. तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, "गाणं तुमच्यासाठी आहे न? मंग मले काय ठेवलं तू? इचे डोळे अन् पाय?"

मला राग आला. आठवडा घालवला होता मी त्या व्हिडिओवर. पण रात्रभर ते वाक्य डोक्यात राहिलं, कारण ते खरं होतं. इंदूर, लाहोर, दुबई सगळ्यांचा विचार मी केला होता, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाचा केला नव्हता.

मग आम्ही दोघींनी बसून काम सुरू केलं. मी भाग चालवायची, ताई तोंडं वाचायची. पहिल्यांदा मी विरहाच्या गाण्यावर नायिकेचा एक सुंदर तुकडा घेतला. खिडकीत उभी, डोळ्यांत पाणी, ओठ हळूहळू हलताहेत. ताई इतकी हसली की काकू घरातून धावत आली. नायिका म्हणत होती की मोलकरीण आजही आली नाही. तिथून आमची पद्धत ठरली. गाणं कानाने ऐकणाऱ्याला जे सांगतं, तेच ओठ वाचणाऱ्याला ओठांनी सांगितलं पाहिजे. गाण्यात वाट पाहणं आलं की मालिकेतलं असं बोलणं शोधायचं, ज्यात नायिका खरंच म्हणते आहे, "तू आला नाहीस." शब्द गाण्यावर बसायची गरज नाही. फक्त खोटं बोलायचं नाही.

या कामाला फार वेळ लागायचा आणि तो वेळ कसा जायचा ते कळायचं नाही. आवाज बंद करून आम्ही तासन्‌तास माणसांची तोंडं पाहत असू. आवाज नसला की बोलणारं माणूस किती वेगळं दिसतं! रागावलेली सासू बिचारी दिसते. नायक प्रेमाची शपथ घेताना जांभई दाबल्यासारखा दिसतो. कधी तर मला वाटायचं की आम्ही पाण्याखाली बसलो आहोत आणि वर काठावर माणसं काही बोलताहेत. ताई काठावरचं मला सांगते आहे. तेव्हा पहिल्यांदा मला तिच्या दिवसांचा थोडासा अंदाज आला. बाहेरच्या मंडळीने आमचे व्हिडिओ पाहून नाकं मुरडली. एकीने लिहिलं की बाई, तुझी पात्रं बडबडतात फार. माझ्या मोडक्या इंग्रजीत तिला काय सांगणार होते मी?

त्याच सुमारास ताईच्या लग्नाचं चाललं होतं. पहिलं स्थळ आधीच सगळं सांगितल्यावर आलं नाही. दुसऱ्या वेळी काका-काकूंनी ठरवलं, आधी मुलगी पाहू द्यायची, मग सांगायचं. ताई दिसायला देखणी, स्वयंपाकात काकूच्या वरचढ. रोहणा गावचे लोक आले, चहा-पोहे झाले, समोरासमोर बसून विचारलेल्या एक-दोन प्रश्नांना ताईने काकूने घोटून घेतल्याप्रमाणे हळू, एकेका शब्दात उत्तरं दिली. मग मुलाच्या वडिलांनी पान तोंडात टाकलं आणि खिडकीतून बाहेर बघत काहीतरी विचारलं. ताई त्यांच्या पाठीकडे पाहत हसतमुख बसून राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं. खोलीत जी शांतता झाली ती तिच्याखेरीज सगळ्यांना ऐकू आली. जाताना ते लोक काकांना घरच्या माणसासारखं बोलले, की असं लपवायचं नसतं हो. काकू त्या दिवशी जेवली नाही. तिचं म्हणणं एकच, माझी पोर वाईट नाही, तिला आधी नीट पाहा तर खरं.

मग समाजाचा उपवर-वधू परिचय मेळावा जाहीर झाला, वर्ध्याला एका मंगल कार्यालयात. त्या वर्षी प्रथमच स्टेजवर पोरींना उभं न करता सगळ्यांच्या परिचयाचे छोटे तुकडे मोठ्या पडद्यावर दाखवायचे होते. शूटिंगचं काम काकांना मिळालं. आमच्या स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर एकेक मुलगा, एकेक मुलगी येऊन उभी राहू लागली. नाव, शिक्षण, छंद, अपेक्षा. छंद सगळ्यांचे वाचन आणि स्वयंपाक. अपेक्षा सगळ्यांची समजूतदार जोडीदार.

ताईची पाळी आली तेव्हा काकूने तिला चार वाक्यं पाठ करून दिली होती. ती तिने म्हटली. काकांनी कॅमेऱ्यामागून हात हलवून "झालं" म्हटलं, तेव्हा ती थांबली नाही. कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली, "मले ऐकू येत नाई. समोर बसून बोललं तं सगळं समजते. घाईनं बोलू नये."

काकांनी कॅमेरा बंद केला, टेप काढून माझ्या हातात दिली आणि मागच्या खोलीत येऊन दार लोटलं.

"तू ते करत राह्यते न," ते म्हणाले, "मालिकेतल्या बायाइचं तोंड चालू अन् वरून गाणं. तसंच करजो इले."

"अन् बाकीच्या मुली?"

"त्याइच्यावर बी टाक. नाई तं हे एकटीच वेगळी दिसन. पोरी तशाबी लाजून हळू बोलते, कोणाले ऐकू येते?"

"आणि मुलांचं?"

"पोराइचं बोलणं पायजे लोकाइले," काका म्हणाले. "नोकरी, शेती, पगार ऐका लागते न."

हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, थकवा होता. मी त्यांच्यावर चिडू शकले नाही. उलट ज्या गोष्टीला घरात सगळे वेळखाऊ खूळ म्हणत होते, ती काकांनी एवढ्या बारकाईने पाहिली होती याचा मला थोडा अभिमानच वाटला. मी कामाला बसले. समाजातल्या सगळ्या उपवर मुली एकेक करून हिरव्या पडद्यावरून उचलल्या, मागे बाग लावली, आणि त्यांच्या बोलण्यावर मंद बासरी आणि ढोलकाचं एक गाणं पसरलं. दिसायला फार सुरेख झालं. झाडांतून ऊन झिरपतंय, मुली एकामागून एक येताहेत, ओठ हलवताहेत, विरघळून जाताहेत. मुलं मात्र खणखणीत आवाजात पगार सांगत होती.

ताई आली, नेहमीच्या खुर्चीत बसली, स्पीकरवर हात ठेवला. पहिल्या दोन-तीन मुली गेल्या. तिने त्यांची तोंडं वाचली, मान हलवली. मग ती स्वतः पडद्यावर आली, आणि तिने हात उचलून पुन्हा डब्यावर दाबला.

"ढोलक वाजून राह्यलं," ती म्हणाली. "अन् माझं तोंड बी चालू आहे. मंग माझा आवाज कुठं आहे?"

मी ओठ मिटून घेतले. तिच्यापासून काही लपवायचं तर तोंड बंद ठेवणं एवढाच मार्ग असतो. पण त्यावरूनही तिला कळलं.

"बाबानं सांगितलं?"

मी मान हलवली.

"मालिकेतल्या बाया खोट्या आहेत. त्याइच्यावर गाणं टाकलं तं चालते," ताई म्हणाली. तिचा आवाज चढत नाही, पण चेहरा चढतो. "मी खोटी आहो काय? उद्या लग्न झालं तं सासरी ढोलक घेऊन जाऊ काय संग? बोलाची वेळ आली का वाजवाले?"

मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. तिने माझ्याकडे पाहिलं, खुर्ची मागे सारली आणि निघून गेली. मला काही कर असं ती म्हणाली नाही. तेच मला लागलं.

मी त्याच खोलीत बसून राहिले. गाणं काढून टाकायला काहीच लागत नव्हतं, कॉम्प्युटरवर दिसणारी गाण्याची लांब निळी पट्टी पुसायची आणि तिच्याखाली दाबलेला आवाज मोकळा करायचा. पण ती पुसली की आणखी एक स्थळ, आणि कदाचित त्या हॉलमधली सगळीच स्थळं, एका वेळी परत जाणार होती. काकूचं तोंड डोळ्यांसमोर आलं. काकांचा समाजातला मान, स्टुडिओचं नाव. आणि नाही पुसली तर पुन्हा कोणीतरी पान खाऊन खिडकीबाहेर बघत तिला काहीतरी विचारणार होतं. ताईला यातलं काय हवं होतं ते तिने कॅमेऱ्यासमोर उभं राहून सांगितलं होतं. मी पट्टी पुसली. मग म्हटलं, बाकीच्या मुलींनी तरी काय घोडं मारलंय? त्यांच्यावरचीही पुसली. वीज जायच्या आत डिस्क तयार झाली. काकांना पाहायला वेळच राहिला नाही, आणि तो राहू नये अशीच मी वेळ साधली होती.

मेळाव्याच्या सकाळी आम्ही बसने निघालो. पवनारला बस थांबली तेव्हा धाम नदीच्या पाण्यावर धुकं होतं आणि ताई खिडकीला डोकं टेकून त्याकडे बघत होती. काकू मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसलेली. मला वाटत होतं, ही बस अशीच चालत राहावी, वर्धा येऊच नये.

हॉल भरला होता. काका आणि मी स्टेजखाली मशीनच्या टेबलाशी बसलो, ताई आणि काकू पुढून तिसऱ्या रांगेत. आधी मुलांचे तुकडे झाले. मग पहिली मुलगी पडद्यावर आली आणि बोलू लागली. गाणं नव्हतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहत राहिले. दुसरी मुलगी बोलली, तिसरी बोलली. हळू आवाजात, लाजत, अडखळत, पण ऐकू येत होत्या. काकांना तोवर कळलं असणार. त्यांचा हात पुढे आला आणि आवाजाच्या बटणावर जाऊन बसला. आता ते आवाज बंद करतील असं मला वाटलं.

ताई आली. निळ्या साडीत, मागे बाग. तिचा आवाज हॉलमध्ये उमटला, तो सपाट, मोठा, एका पट्टीतला आवाज. खुर्च्यांमधली कुजबुज थांबली. मागे वाढप्यांशी बोलत उभे असलेले लोकही वळले. "मले ऐकू येत नाई. समोर बसून बोललं तं सगळं समजते. घाईनं बोलू नये." काकांचा हात बटणावर तसाच होता. त्यांनी ते ना कमी केलं, ना वाढवलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पडद्याकडे असे बघत होते, जणू ती मुलगी त्यांना आज पहिल्यांदा भेटते आहे. मग पुढची मुलगी आली.

कोणी उठून टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणी काकूशेजारून खुर्चीही हलवली नाही. जेवणाच्या पंगती सुरू होईपर्यंत कार्यक्रम चालत राहिला. काका मला रागावले नाहीत. तारा गुंडाळताना एवढंच म्हणाले की पोराइचा आवाज जरा फाटत होता, पुढच्या वेळी पाहजो.

ताई गर्दीतून वाट काढत टेबलापाशी आली. पडद्यावरून आपला आवाज हॉलभर पोचला हे तिला कळलं होतं, लोकांच्या मानांवरून. ती माझ्या अगदी समोर उभी राहिली, तोंड नीट दिसेल अशी.

"आला न माझा आवाज?"

"आला."

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मला ती थोडी घाबरलेली दिसली. आमच्या घरात कोणालाही तिने कधी न विचारलेलं तिने विचारलं.

"कसा आहे? लहान पोरीसारखाच आहे काय अजून?"

आपला आवाज तिने शेवटचा ऐकला तेव्हा ती तिसरीत होती. इतकी वर्षं ती बोलत होती आणि तिच्या डोक्यात ती तिसरीतली मुलगीच बोलत होती. आम्ही कोणी तिला सांगितलंच नव्हतं.

"नाई, ताई," मी म्हणाले, घाई न करता, ओठ नीट हलवत. "मोठा झाला. बाईचा झाला आता."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणखी एकदा सांग." मी पुन्हा सांगितलं.